डाव्या जबड्याचं गाऱ्हाणं

"बा देवा म्हाराजा! ह्या पोरीचा डावा जबडा मोडलाय, तो होता तसा करून दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो आणि रत्नागिरीतल्या त्या इस्पितळाच्या खिडक्या थरथरल्या. समोरच्या खाटेवरचे, नुकतंच हर्नियाचं ऑपरेशन झालेले गृहस्थही डोळे मिटूनच "व्हय म्हाराजा" म्हणाले. कोकणी माणसाला एवढं भुलीतही जमतं.

गाऱ्हाणं घालत होते माझे थोरले काका, आमच्या गावचे मानकरी. देवळात त्यांचा आवाज चढला की समुद्रातल्या होड्या वादळ समजून मागे फिरतात. खाटेवर होती माझी आठ वर्षांची भाची. काजूची बोंडं काढायला कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढली आणि तोंडावर आपटली. एरवी हिची बडबड हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत ऐकू जाते.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, ह्या वयात हाडाच्या पोटात पक्क्या दातांचे कोंब दडलेले असतात, पट्टी-स्क्रू ठोकले तर त्यांना इजा व्हायची. म्हणून त्यांनी हाड जुळवलं, दातांवर प्लास्टिकचं टोपण बसवून ते तारेने जबड्याला बांधलं आणि थोड्या दिवसांपुरतं तोंडही मिटवून टाकलं. पण माझ्या बहिणीचा एकच धोशा, "दातावर दात बसेल ना? जन्मभर तोंड वाकडं राहिलं तर?" तिच्या समाधानासाठीच हे गाऱ्हाणं.

'डावा' ऐकलं मात्र, भाची ताडकन उठून बसली. उजव्या गालाकडे बोट नाचवत, डोळे वटारून, "म्म्म! म्म्म!"

"आली! देवी अंगात आली!" काका गरजले. बहिणीने पदर पसरला. काकूने अंगारा फासला. पोरीने कपाळावर हात मारून घेतला, तर तोही आम्ही कौलच धरला. शेवटी नर्सबाईंनी देवीसकट सगळ्यांना जिन्यापर्यंत हाकललं.

पेज आणि गाळलेलं सार पिऊन पोरगी पार कंटाळली, तेव्हा कुठे तारा निघाल्या. "चाव बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दात खट्कन जुळले. बहीण उभ्याउभ्या रडायला लागली. काकांची छाती दारातून आत मावेना.

"काय गो बाय, कुनी बरा केलान तुझा जबडा? सांग सगळ्यांना!"

भाचीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडून पाहिलं.

"आजोबा, उजवा होता."