गव्हाचा दाणा आणि माझी बहीण

धाकटी बहीण बाळंतपणात गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी भर मांडवात तिच्या सासरच्या माणसांशी भांडले. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मी हिंगोलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बहिणीचं सासर नरसीजवळच्या खेड्यात. बुद्धवंदना झाली आणि बहिणीचे चुलतसासरे बोलायला उभे राहिले. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही.

"गव्हाचा दाणा मरतो तवाच कोंब जगतो," ते म्हणाले. "आईचंबी तसंच. लेकरासाठी तिनं त्याग केला. हा निसर्गाचा नियम हाय."

बायका डोळ्याला पदर लावू लागल्या. माझ्या अंगाची आग आग झाली. मी उठले.

"काका, गव्हाच्या नावावर खपवू नका. दाण्यातल्या पीठ साठवणाऱ्या पेशी मरतात, खरंय. पण कधी मरायचं ते झाडाची संप्रेरकं ठरवतात. इथिलीन घाई करतं, अ‍ॅबसिसिक आम्ल थोपवून धरतं. दाणा भरायच्या आधीच त्या मेल्या तर तो पोचट निघतो. अन् त्यांच्या भोवतीचा थर तर पेरणीपर्यंत जिवंत असतो. ओल लागली की अंकुराकडून जिबरेलिन नावाचं संप्रेरक येतं, मग तो थर आतलं पीठ विरघळवून अंकुराला देतो. काम पुरं झाल्यावर मरतो, काका! माझ्या बहिणीचं कोणतं काम पुरं झालं होतं? लेकरू तिच्या कुशीत नीट निजलंसुद्धा न्हाई."

आईनं माझा हात ओढला. "बस माय, खाली बस."

"घरीच अचानक बाळंत झाली," मी हात सोडवत म्हणाले, "ते कुणाच्या हातात नव्हतं. पण रक्त थांबत न्हाई म्हणून ती दुपारभर सांगत होती. गाडी दारात होती. 'बाळंतिणीला एवढं होतंच' म्हणून तुमीच थांबवलं. हा कोणता नियम?"

काका चष्मा पुसत खाली बसले. जेवणाच्या पंगती बसल्या. आई न जेवताच लेकराला घेऊन माझ्याबरोबर हिंगोलीला आली.

लेकरू आता आमच्याच घरी रांगतं. बहिणीचा नवरा अधूनमधून येऊन त्याला बघून जातो. परवा तो आखाडा बाळापूरच्या बसथांब्यावर भेटला. मान खाली घालून म्हणाला, "ताई, त्या दिवशी तुमी बराबर बोलल्या."

त्याची दया यायला हवी होती. आला तो संतापच.

"मग ती सांगत होती तवा तुमी काहून गप होता?"

बस आली. त्याच्या उत्तरासाठी मी थांबले नाही.