अंबाबाई आता बोलत नाही

गोळी घेतली की अंबाबाईचा आवाज बंद होईल, हीच माझी खरी भीती होती. माझं माहेर पंचगंगेकाठचं, शाळा सातवीतच सुटली. लग्न होऊन इतक्या लांब हिंगणघाटला आले तेव्हा देवघरातला तिचा फोटो तेवढा ओळखीचा. मग ती कानात बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे. ती म्हणायची, तुला काही झालेलं नाही, लोकच तुझ्यावर टपलेत. कोणाचं खरं मानायचं? मी आईचं, अंबाबाईचं मानलं. गोळ्या सोडल्या आणि एका दुपारी नवऱ्यालाही न सांगता माहेरी जायला निघाले.

जाम गावच्या चौकात गाडी बदलायला उतरले. उन्हात सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. कापसाच्या गाडीतून उडालेले पुंजके हवेत तरंगत होते. थांब्यावरचे सगळे मलाच हसतायत असं वाटत होतं. शेजारी एक बाई येऊन बसली. तोंडाला रुमाल, नुसते डोळे दिसत होते, बारीक आणि लाल, माझ्यावर डूख धरल्यासारखे. आवाज म्हणाला, पळ. मी उठून थेट रस्त्यावर धावले.

तिनं मनगट धरून मागं ओढलं. "काऊन वो बाई, ट्रकाखाली जातं का?"

"तुम्ही माझ्याकडे रागानं का बघताय?" मी रडतच विचारलं. असं आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

तिनं रुमाल खाली ओढला. साधा, घामेजलेला, दमलेला चेहरा. "राग कायचा वो? जिनिंगच्या कारखान्यातून येऊन राह्यली. कापूस गेला डोयात." मग हसली. "माह्या घरवाल्यालेबी वाटते, मी चिडूनच आहो!"

मी तिला आवाजाचं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या घरी बुद्ध, तुह्या देवीचं मले काई समजत नाई. पण माय आपल्या लेकीले ट्रकापुढं धाडन का वो?"

माझ्याच फोनवरून तिनं माझ्या नवऱ्याला बोलावलं आणि तो येईपर्यंत हात सोडला नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आवाज हळूहळू ओसरत गेला. घर फार सुनं वाटलं, अजून वाटतं. कोणाचे डोळे रागीट दिसले की आता मी मनातच ठरवत नाही, विचारून घेते. संध्याकाळी दिवा लावून गोळी आधी अंबाबाईच्या पायाशी ठेवते, मग घेते. ती बोलत नाही. मीच बोलते. त्या बाईचा हात कापसाच्या कामानं खरखरीत झालेला होता. आईचा हात तसाच असेल, असं धरून मी चाललेय.