घड्याळवाल्यापुढे बसलेलं इंजिन

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळ्या जणी इंजिन म्हणायच्या. कॉलर शिवायला बसली की पाय आणि बोटं यांचं आपसातच काहीतरी ठरायचं, तिला कुणी विचारायचंही नाही. दिवसाचा कोटा ती उन्हं कलायच्या आत उरकायची आणि कोट्यावरच्या कॉलरींचे जादा पैसे घ्यायची.

आता तेच अंगाशी आलं होतं. कंपनीने कोटा नव्याने ठरवायचं काढलं होतं. बाहेरून एक माणूस घड्याळ घेऊन येणार, कुणा एकीच्या मागे उभा राहणार, आणि तिचा वेग तोच सगळ्या रांगेचा कोटा. ती एक कोण, हे मॅनेजर ठरवणार. कुणाला निवडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

युनियनचा सेक्रेटरी कटिंगमध्ये कामाला होता. डब्याच्या सुट्टीत तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"वहिनी, त्या दिवशी जरा सबुरीने घ्या. तुमच्या वेगाचा कोटा लागला तर अर्धी रांग त्याखाली जाईल. खाली गेली की घरी. त्यांच्या जागी गेटावर ताटकळणाऱ्या बायका घेतील, कंत्राटावर, कमी पगारात. मग आपला पगार वाढवा म्हणायला आपण कोणत्या तोंडाने जायचं?"

"कळतंय हो दादा. पण हातांना कोण समजावणार?"

शेजारच्या मशीनवर तिच्या थोरल्या जाऊबाई बसायच्या. त्यांची नजर अधू होत चालली होती. कोटा कसाबसा गाठायच्या. त्या नुसत्या डब्याचं झाकण दाबत राहिल्या. ते बघून हिने हातातली भाकरी डब्यात परत ठेवली.

घरी तिने उशीच्या अभ्र्यांवर सराव केला. जाऊबाई बाजूला बसून सांगायच्या, "हळू. अगं हळू, कुत्रं मागे लागलंय का?" घरातले अभ्रे संपले, शेजारणीचेही शिवून झाले. हात काही ऐकेनात.

घड्याळवाला आला तो अगदी मवाळ माणूस निघाला. "रोजच्यासारखं करा, बाई," एवढंच म्हणाला. पण सगळ्या रांगेने काम सोडून तिच्याकडे बघायला सुरुवात केली. मशीनं थांबली. पहिल्या काही कॉलरी तिने जपून टाकल्या, टोकं उलटवून निरखली. मग त्या शांततेत स्वतःच्या एकटीच्या मशीनची घरघर तिच्या कानात शिरली आणि पाय उधळला. भानावर आली तेव्हा पुढ्यात ढीग पडला होता.

सेक्रेटरी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन भांडला. सकाळच्या ताज्या हातांवर अख्खा दिवस ठरवता का, दुपारीही मोजा, आणि दुपारचंच धरा. मॅनेजर कबूल झाला. ही बाई दुपारी आणखी पळेल, असा त्याचा हिशोब असावा.

जेवताना तिला कुणी बोल लावला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी जाऊबाईच रांगेवर डाफरल्या. "तमाशा बघायला बसला होतात का गं? ती कानाने शिवते. तुम्ही गप्प झालात म्हणून ती सुटली. आता एकीनेही मशीन थांबवायचं नाही. माझ्या चालीने चालवा."

दुपारी जाऊबाईंचं मशीन सुरू झालं. थोडं चाललं, थबकलं, पुन्हा चाललं. मागोमाग सगळी रांग तशीच चालू लागली. तिचा पाय आधी चाचपडला, मग हळूहळू त्या आवाजात सामावला. पाठीवरून घाम ओघळत होता.

"दमलात वाटतं?" घड्याळवाल्याने विचारलं.

"माणूस आहे ना साहेब," जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या, "पोटात चार घास पडले की जडच होतं."

कोटा वाढला, पण जाऊबाईंना धापा टाकत का होईना गाठता येईल इतकाच. मॅनेजरने मात्र बजावलं, की कुणीही कोट्याच्या फार पुढे गेलेली दिसली तर पुन्हा मोजणी होईल.

तेव्हापासून तिचे जादा पैसे गेले. नवऱ्याला सांगितलं, तर तो नुसता "बरं" म्हणाला आणि कुशीवर वळला. रोज ती जाऊबाईंच्या मशीनवर कान ठेवून शिवते. मध्येच तो आवाज बंद पडतो. जाऊबाई सुई डोळ्यांशी नेऊन दोरा ओवत असतात. मॅनेजर दारातून बघत असतो. पॅडलवरचा पाय उधळू बघतो आणि ती दोन्ही हातांनी कापड घट्ट दाबून धरते.