रिमेंबरचं हॉटेल

लोहाऱ्याच्या स्टँडसमोर बलभीमचं चहाचं हॉटेल आहे. पण त्या नावानं विचाराल तर कुणी सांगणार नाही. रिमेंबरचं हॉटेल म्हणा, शेंबडं पोरगंही आणून सोडेल. हे नाव आठवीत कल्याणप्पा सरांनी ठेवलं. जुन्या ओळखीचा माणूस भेटला तर इंग्रजीत कसं विचारायचं, ते सर शिकवत होते. बलभीम उठला आणि म्हणाला, "यू मी रिमेंबर?" सर पोट धरून हसले, पोरांना हसवलं. पुढं आठवडाभर हजेरी घेताना ते बलभीमऐवजी "रिमेंबर!" असंच पुकारत. पोरानं शाळाच सोडली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. लग्नात अक्षता पडतानाही मागून कुणीतरी तेच ओरडलं आणि सासरची माणसं फिदीफिदी हसली.

आता बलभीम पन्नाशीत आहे, आणि सरांना दोन वर्षांपासून विसरण्याचा आजार जडला आहे. त्यांची बायको शांतम्मा रोज सकाळी त्यांना फिरवून आणते, हॉटेलातल्या बाकावर बसवते आणि भाजी आणायला जाते. तेवढ्यात बलभीमचा खेळ रंगतो. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीकडून, वैष्णवीकडून, त्यानं प्रश्न नीट घोटून घेतला आहे.

"सर, डू यू रिमेंबर मी?"

सर त्याच्या तोंडाकडं बघत राहतात. ओठ हलतात, डोळ्यांत पाणी येतं. "सॉरी," म्हणतात.

"मोठ्यानं बोला की सर, ऐकू येईना!"

गिऱ्हाइकं खिदळतात. म्हाताऱ्या माणसाला असं रडवणं वाईटच, आणि हे बलभीमलाही कळत होतं. पण त्याची आग विझत नव्हती. त्याला सरांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, की होय, तू बलभीम, तुझं वाटोळं मी केलं.

परवा त्यानं प्रश्न बदलला. "सर, ओल्ड स्टुडंट्स? डू यू रिमेंबर?"

सरांचा चेहरा एकदम उजळला. "येस! शंभुलिंग. रणधीर. खिडकीपाशी युवराज, लई खोडकर."

त्याच बाकावर युवराजशेजारी बसणाऱ्या बलभीमनं किटली खाली ठेवली. "युवराजच्या बाकावर अजून कोण बसायचं, सर?"

सरांनी खरोखर आठवून पाहिलं. "अजून? कुणी नव्हतं."

पिशवी घेऊन शांतम्मा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बलभीम, रोज बघतीय मी, काय चाललंय तुझं."

"मला विसरले ते, अक्का. आजारामुळं सुटले."

"आजाराचं नाव नको सांगू. तू हॉटेल टाकलंस तवा पहिला चहा ह्यांनाच पाजलास, तवा ह्यांचं डोकं चांगलं होतं. घरी येऊन मला म्हणले, पोरगं गुणाचं दिसतंय, पण रिमेंबर असलं इचित्र नाव त्याला कुणी ठेवलं असंल?"

हॉटेलात कुणी हसलं नाही. बलभीमला बसावंसं वाटलं, पण बाक भरलेले होते. पस्तीस वर्षं उराशी धरलेलं वैर त्याचं एकट्याचंच निघालं.

सरांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि मायेनं विचारलं, "गुड टी. व्हॉट इज युवर नेम?"

सगळे बलभीमकडं बघू लागले. त्याला स्वतःचं नाव सांगता आलं असतं.

"रिमेंबर, सर," तो म्हणाला.

आणि सर पोट धरून हसले, अगदी आठवीच्या वर्गात हसले होते तसे.