मागच्या खोलीतली बहीण

त्यांना सगळे मावशीच म्हणत. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात त्यांचा जन्म गेला. जिभेला हाड नाही, पण घडी अशी की सुरकुती शोधून सापडायची नाही.

नात पाच वर्षांची झाली तरी हाकेला वळेना. डॉक्टरबाईंनी दोन-तीनदा तपासून सांगितलं, स्वमग्नता आहे. सून रडली, मुलाने मोबाइलला दोष दिला. मिक्सर लागला की कान झाकणं, चपला ओळीत लावणं, डोळ्यांसमोर बोटं नाचवणं, अशी लक्षणं डॉक्टरबाई सांगत होत्या आणि मावशींना दुसरीच मुलगी दिसत होती. त्यांची धाकटी बहीण.

घरी तिला बाहुली म्हणत. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत कोंडायचं आणि रेडिओ मोठा करायचा, हा घरचा शिरस्ता. एका सकाळी वडील तिला नवा फ्रॉक घालून घेऊन गेले, ते एकटेच परतले. तिला कुठे ठेवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विषय निघाला की ते ताटावरून उठत. पुढे ते वारले आणि ती गोष्टही त्यांच्याबरोबरच गेली.

शाळेने नातीला घेतलं खरं, पण विशेष शिक्षिका एकच आणि तीही तीन शाळांत वाटलेली. ती नसेल तेव्हा घरचं माणूस हवं. मग मावशींनी नोकरी सोडली आणि नातीला घेऊन शेवटच्या बाकावर बसू लागल्या. बाकावर पलीकडे एक जागा रिकामी असायची. मावशी तिथे दप्तर ठेवत नसत, कुणाला ठेवू देत नसत. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

एकदा मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका सहज म्हणाल्या, "आमच्या लहानपणी अशी मुलं नव्हतीच हो. हल्लीच फार निघालीत."

"होती," मावशी म्हणाल्या. "शाळेत नव्हती, एवढंच."

त्यानंतर त्यांना चैन पडेना. निराधारांच्या संस्था त्यांनी पालथ्या घातल्या. शहराबाहेरच्या एका संस्थेत साधारण बाहुलीच्याच वयाची एक बाई सापडली. तिला लहानपणीच कुणी सोडून गेलेलं, नाव तिथल्यांनीच ठेवलेलं. ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मावशींनी "बाहुली" अशी हाक मारली. तिने मान वळवली नाही. पण हाकेला बाहुलीही कधी वळली नव्हती.

मुलगा म्हणाला, रक्त तपासून घेऊ, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

"आणि नाही निघाली तर?" मावशींनी विचारलं. "यायचं बंद करू?"

तपासणी राहिली ती राहिलीच. इकडे चार पालकांनी शाळेचा पिच्छा पुरवून पूर्णवेळ मदतनीस मिळवली. नात आता वाचते, स्वतःशीच, पण वाचते. मावशी दर रविवारी संस्थेत जातात, त्या बाईची पांघरुणं घडी करून देतात, शेजारी बसून भिंतीकडे बघतात.

गेल्या हिवाळ्यात निघताना त्या बाईने मावशींच्या शालीचं टोक मुठीत धरलं. ओळखून धरलं, की लोकर हाताला बरी लागली म्हणून, कोण सांगणार? बाहेर मुलगा गाडीचा हॉर्न वाजवत होता. मावशी हलल्या नाहीत. मूठ आपणहून सुटेपर्यंत त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या.