कनवटीची पुडी

रंगपंचमी जवळ आली की खंडेराव विधात्यांच्या अंगात वारं शिरायचं. एरवी हा माणूस तोलूनमापून बोलणारा, पण होळी पेटली की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायचा, "यंदा येतोस ना रहाडीला? का बायकोच्या पदराआड बसतोस?"

रहाड म्हणजे पंचवटीतल्या चौकाच्या पोटात दडलेला दगडी हौद. वर्षभर त्याच्यावर लाकडी ओंडके आणि माती. वरून रिक्षा जातात, भाजीच्या हातगाड्या उभ्या राहतात, आणि नवख्याला पत्ताही नसतो की आपण कशावर उभे आहोत. रंगपंचमीला ती उघडायची, पानाफुलांचा उकळलेला रंग तिच्यात ओतायचा, पूजा करायची, आणि मग बाप्यांनी धडाधड उड्या टाकायच्या. त्या उडीला म्हणतात धप्पा. धप्पा असा बसला पाहिजे की काठावर कोरडा माणूस औषधालाही उरू नये. या रहाडीचा रंग गुलाबी, आणि पहिल्या धप्प्याचा मान विधात्यांचा. आज्याच्या काळापासून रंगाला फुलं त्यांच्या मळ्यातून जात, त्याची ही परतफेड होती. रहाडीत बुडी मारली की उन्हाळा बाधत नाही, खरूज-नायटा जवळ येत नाही आणि झोप अशी लागते की कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही, असं जुनी माणसं सांगत.

यातली झोपेची गोष्ट खंडेरावांच्या फार जिव्हाळ्याची होती, कारण त्यांची झोप दोन वर्षांपूर्वी उडाली होती.

त्याचं असं झालं की मळा गेला. नाशिक वाढत वाढत मखमलाबाद रस्त्याने त्यांच्या झेंडू-गुलाबाच्या वाफ्यांपर्यंत येऊन ठेपलं, थोरला ज्ञानेश म्हणाला, "आप्पा, आता इथं फुलं नाही, प्लॉट पिकतात," आणि बघता बघता वाफ्यांवर कॉलनी उभी राहिली. राहिला तो विहिरीजवळचा एक तुकडा. घराच्या जागी बंगला झाला. खाली गुळगुळीत फरशी, वर फोमची गादी. ज्या माणसाने चाळीस वर्षं चिखल तुडवला आणि कधी पाय घसरला नाही, तो त्या फरशीवर पहिल्याच पावसाळ्यात आपटला आणि गुडघा धरून बसला. बांधावर डोकं टेकलं की घोरणारे खंडेराव फोमच्या गादीवर टक्क जागे राहू लागले. गुडघा ठणकतो म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून गुडघा जास्तच ठणकतो.

पंचवटीतल्या छाया डॉक्टरीणबाईंनी दुखण्याची गोळी दिली, सोबत थोड्या दिवसांपुरती झोपेची. पहिल्या रात्री खंडेराव असे झोपले की सकाळी त्यांनी गोळीच्या पाकिटाला हात जोडले. चूक झाली ती इथे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवस संपले तरी तीच जुनी चिठ्ठी दाखवून ते लांबच्या एका मेडिकलमधून गोळ्या आणत राहिले. एकीने भागेना तेव्हा दोन झाल्या. गुडघ्याची सकाळी एक होती, ती संध्याकाळीही लागायला लागली. रात्रीची झोप काही परत आली नाही. ती दिवसा, भलत्या ठिकाणी यायला लागली. जावयाच्या पंगतीला ते वरणात बोटं बुडवून पेंगले, लूनावरून भाजीबाजारात जाताना कोबीच्या ढिगात घुसले. कोबी होते म्हणून वाचले.

त्यांच्या कारभारणीला, अंबूबाईंना, सगळं ठाऊक होतं. सकाळी चहा देताना ती हिशेब मांडायची, "काल तीनदा पाणी प्यायला उठलात. एकदा तर गॅलरीत जाऊन उभे राहिलात." खंडेराव नुसते हं म्हणायचे. हिला हे कसं कळतं, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

कोबीचं प्रकरण झालं त्याच आठवड्यात रंगपंचमी होती. अंबूबाईंनी कमरेला पदर खोचला.

"हे बघा, पेंगणारा माणूस रहाडीत पडला तर वर येत नाय. गोळ्या तरी ऱ्हातील, नाहीतर रहाड तरी. काय ते ठरवा."

"अगं, आज्यापासूनचा मान हाय तो! मी नाय गेलो तर दुसरा कुणी धप्पा मारील. अन् एकदा गेलेला मान परत येतो व्हय?"

"मग गोळ्या द्या इकडं."

मळा गेला होता, फुलं गेली होती. गल्लीत आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लावणारा तो एक धप्पाच उरला होता, आणि तोही गेला तर आपण नुसते बंगल्यातले म्हातारे, हे खंडेरावांना पुरतं कळत होतं. त्यांनी कपाटातली पाकिटं आणून तिच्या ओटीत टाकली आणि खंडोबाच्या भंडाऱ्याची आण घेतली, की आता घरात एक गोळी नाही.

घरात नव्हतीच. आठवडाभराच्या गोळ्या पाकिटातून मोकळ्या करून, कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी धोतराच्या कनवटीला खोचल्या होत्या. लबाडी करायची हौस नव्हती त्यांना. भीती होती. पुन्हा रात्र येईल आणि जवळ काही नसेल, या विचारानेच त्यांच्या तळहाताला घाम सुटायचा.

रंगपंचमीला दुपारी चौक नुसता फुलला होता. हलगी कडाडत होती, गच्च्यांवर बायका-पोरं चिकटली होती, आणि मध्ये ती रहाड, काठोकाठ गुलाबी, वाफाळती. खंडेराव पूजा करून काठावर उभे राहिले तेव्हा त्यांचा गुडघा कुठल्या कुठे पळाला. "खंडूआप्पा! खंडूआप्पा!" असा गजर झाला आणि त्यांची छाती फुगली.

उडी टाकणार एवढ्यात रहाडीची व्यवस्था बघणाऱ्या लहानूने त्यांचं मनगट धरलं. लहानू म्हणजे त्यांचा लंगोटीयार.

"यंदा जोडीनं मारू धप्पा."

"सोड! मान माझा हाय!"

"मान तुझाच. मी आपला शेपूट."

वाद घालायला वेळ नव्हता. हलगीचा ठेका चढला, दोघं एकदम उडाले, आणि धप्पा असा बसला म्हणता, की गच्चीवरच्या बायकांनीसुद्धा तोंडं पुसली! खंडेराव तळाशी टेकून वर आले ते गुलाबी होऊन, हसत, फुरफुरत. लहानूने काठाला येईपर्यंत त्यांचं मनगट सोडलं नाही, याचा त्यांना मनातून रागच आला. मग मागून सगळी गल्ली आत कोसळली. कोण कुणाच्या अंगावर पडतंय याचा पत्ता नव्हता. संध्याकाळ होईपर्यंत नुसता धुमाकूळ चालला.

रीतीप्रमाणे मानकऱ्याचं जेवण लहानूकडे. अंबूबाई आधीच तिथे येऊन लहानूच्या बायकोला, कुसाबाईला, पोळ्या करू लागत होती. खंडेराव मागच्या नळावर अंग धुवायला गेले. धोतर सोडताना हात कनवटीला गेला आणि जागीच थिजला.

पुडी नव्हती. पुडीच्या जागी गुलाबी कागदाचा लगदा बोटाला चिकटला. गोळ्या विरघळून गेल्या होत्या. कुठे गेल्या? रहाडीत! आणि रहाडीत कोण होतं? सगळी गल्ली!

कसंबसं कोरडं धोतर गुंडाळून ते घरात आले. लहानू खाटेवर आडवा, तोंड उघडं, घोरतोय. त्याचे दोन्ही मुलगे जमिनीवर पालथे. "लहानू! अरे ए लहानू!" म्हणून गदागदा हलवलं, तर तो कूस वळवून पुन्हा घोरायला लागला. खंडेराव गल्लीत धावले. ओट्यावर किराणावाला झोपलेला, पलीकडे हलगीवाला हलगी उशाला घेऊन झोपलेला, देवळाच्या पायरीवर दोघं-तिघं एकमेकांच्या अंगावर. रहाडीच्या ओघळाचं पाणी प्यायलेलं कुत्रंसुद्धा पाय ताणून पडलेलं. आणि वेळ कुठली, तर तिन्हीसांजेची! घरोघरी दिवा लागायच्या वेळी कुणी झोपतं का? जाग्या होत्या त्या फक्त बायका, आणि बायका रहाडीत उतरल्या नव्हत्या. आता आणखी पुरावा कसला हवा!

आपण कसे जागे, तेही त्यांना लगेच उमगलं. आपण मुरलेले. दोन वर्षं पचवलंय.

क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणभरच, त्यांच्या मनात आलं की गप्प बसावं. बोललो तर धप्पा गेला. विधात्यांच्या पोरानातवंडांना कुणी काठावर उभं करणार नाही. आणि अंबू? भंडाऱ्याची आण मोडलेल्या नवऱ्याकडे ती कशी बघेल? पण समोर लहानूचं ते उघडं तोंड दिसत होतं. उद्या तो उठलाच नाही तर?

खंडेराव स्वयंपाकघरात शिरले आणि ओरडले, "अंबू, मी खोटं बोललो! गोळ्या कनवटीला व्हत्या! समदी गल्ली मारली मी!"

कुसाबाईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. अंबूबाईंनी मात्र तव्यावरची पोळी आधी उलटली.

"कनवट फुगल्याली सकाळीच दिसली मला," ती म्हणाली. "म्हणून तर लहानूभावजींना म्हनलं, ह्यांचा हात सोडू नका."

खंडेरावांनी हात वर करून पाहिला. मनगटावर लहानूच्या बोटांचे वळ अजून होते. पण ऐकून घ्यायला फुरसत कुठली? "ते मागनं बघू! आधी डॉक्टर!" म्हणून ते धूम ठोकून निघाले. कुसाबाईने गॅस बंद केला, आणि पीठ लागलेल्या हातांनी दोघी बायका मागे धावल्या. ज्या गुडघ्याला दोन वर्षं जिना चढवत नव्हता, तो गुडघा त्या दिवशी तीन गल्ल्या पळाला.

छाया डॉक्टरीणबाई नुकत्याच दवाखान्यात येऊन बसल्या होत्या. गुलाबी कान, गुलाबी मिशा अशा अवस्थेतल्या खंडेरावांनी धापा टाकत सगळं सांगितलं. बाईंनी न हसण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.

"आप्पा, रहाडीत पाणी किती?"

"दोन-अडीच टँकर असंल की."

"आणि तुमची पुडी एवढीशी. आंब्याच्या डेरेदार झाडाला चिमूटभर मीठ घालून आंबे खारट होतात का? तेवढ्याने मांजरसुद्धा पेंगणार नाही."

"मग समदे झोपले कसे?"

"दुपारी पुरणपोळी खाल्ली, तशाच उड्या मारल्या, संध्याकाळपर्यंत कोमट पाण्यात डुंबले. झोपणार नाहीत तर काय करतील? दरवर्षी झोपतात. तुम्हीही झोपायचात. आठवा."

खंडेरावांनी आठवलं. खरंच झोपायचे. लहानूच्याच घरी, त्याच जमिनीवर. ते बाकावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. कुणाला काही झालं नव्हतं. खंडोबाने लाज राखली होती.

मग बाईंचा आवाज चढला. "त्या गोळ्या मी थोड्या दिवसांसाठी दिल्या होत्या. दुखण्याच्या आणि झोपेच्या मिळून तुम्ही इतक्या घेत होता, की एखाद्या दिवशी तुम्हीच उठला नसता. आता एकदम बंदही करायच्या नाहीत, त्याने त्रास होतो. मी सांगेन तशा हळूहळू कमी करायच्या, आणि गोळ्या अंबूबाईंजवळ राहतील. गुडघ्याचा फोटो काढू. आज काय घेतलंय?"

"सकाळी गुडघ्याची एक. बाकी काय नाय."

"विहिरीजवळचा तुकडा मोकळाच आहे ना? तिथे झेंडू लावा. बसून भांगलता येईल तेवढाच. आणि…"

आणि खंडेरावांची मान छातीवर आली. बाईंनी चटकन उठून नाडी पाहिली, श्वास पाहिला, पापणी उघडून पाहिली. "काळजी नको," त्या म्हणाल्या, "नुसते दमलेत."

"उठवू का त्यांना?" कुसाबाई म्हणाली. "लोकं उठली की जेवायला त्यांना शोधत येतील."

"झोपू द्या थोडा वेळ. माझं लक्ष आहे." बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. "अंबूबाई, नीट ऐका. पहिल्या आठवड्यात रात्रीची गोळी कशी द्यायची ते सांगते. ते चिडचिड करतील, भांडतील, पण तुम्ही ढळायचं नाही. कळलं ना?"

बाईंनी वर पाहिलं. अंबूबाई नवऱ्याशेजारी बाकावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. बोटांना पीठ तसंच होतं.

"ह्यापण उतरल्या होत्या का रहाडीत?" बाईंनी हसत विचारलं.

"नाय हो," कुसाबाई हळूच म्हणाली. "दोन वर्षं ह्यांच्या शेजारी जागतीय ती."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बाहेरच्या पेशंटना थोडं हळू बोलायला सांगितलं.