ओल्या पोत्यातली खुर्ची

"हात नोको लावू म्हन्तलं होतं नं तुले!"

"मी कायले लावू जी? निस्तं पोतं काढलं, तं हात आपोआपच माह्या हाती आला."

"कोनाचा हात?"

"खुर्चीचा. आनखी कोनाचा राहीन?"

केवळराम मिस्त्री तोंड धुता धुता तसाच पडवीत धावला. बायको शोभा खुर्चीचा एक हात धरून उभी होती. जुन्या सागवानाचा, पाण्यातल्या दगडासारखा गुळगुळीत. बाकी खुर्ची अजून उभी होती. केवळरामनं पाठीला बोट लावलं, तर पाठ निघाली. मग मागचा पाय सरकला, आणि दमलेला बैल बसावा तशी आख्खी खुर्ची त्याच्यासमोर खाली बसली. नऊ तुकडे आणि एक दोरीची बैठक.



खुर्ची लाखनीच्या शकुंतलाबाईंची. बाई आता रिटायर, पण केवळराम चौथीत असताना एकोडीच्या शाळेत त्याच होत्या, आणि त्यांच्या पट्टीची चव त्याच्या तळहाताला अजून आठवते. त्यांचे यजमान आनंदराव दुग्धखात्यात होते. जवान असताना सहा महिने डेन्मार्कला शिकायला गेले, आणि येताना जहाजातून ही खुर्ची घेऊन आले. "दूध शिकाले गेले अन् खुर्ची शिकून आले," असं लाखनीत लोक हसायचे. जन्मभर ते तिच्यावरच बसले. मागल्या साली गेले. सोमवारी वर्षश्राद्ध, आणि त्यांचा फोटो त्याच खुर्चीवर ठेवायचा होता. बाईंचं म्हणणं एवढंच, एक हात हलतो, तेवढा पक्का करून दे.

आज शुक्रवार होता.

केवळरामनं केलं ते त्याच्या बापानं शिकवलेलंच. बाप एकोडीत बैलबंडीची चाकं करायचा. वैशाखात लाकूड आकसून चाक ढिलं झालं की ते तलावात लोटायचं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, चाक पक्कं होतं. ढिल्या लाकडाले पानी पाज, हा बापाचा मंत्र. पुढं जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, नव्या हापिसांना टेबलं लागली. केवळराम साकोलीत टिनाची शेड टाकून बसला, तेव्हापासून प्लाय आणि सनमायकाच चिकटवत आला. खुर्ची आली तेव्हा त्याला बापाचा मंत्र आठवला. सगळ्या सांध्यांना ओली पोती गुंडाळली आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं.

बाजूचा पंक्चरवाला हिरालाल डोकावला. "का गा केवळराम, मेलेल्या मानसाची खुर्ची मोडली? आता येते पाहाय आनंदराव, बसाले जागा मांगाले."

"चूप बे!" केवळराम ओरडला, पण तुकड्यांपासून दोन पावलं मागं सरकला.

"भेऊन कायले राहिला? चार लोखंडी पट्ट्या ठोक, आठ स्क्रू मार, वरतून शाल टाक. फोटो का बोलते?"

केवळरामनं ड्रिल उचलली. पण कुठं मारणार? चारही पाय दिसायला सारखे, पण प्रत्येकाचा कल निराळा. एक पाय चुकला की खुर्ची लंगडी. सुतार खोलण्याआधी तुकड्यांवर खूण करतो, पण हे तर आपलेआप सुटलेले.  त्यानं ड्रिल खाली ठेवली.

बोटाला काहीतरी चिकटलं होतं. तपकिरी, बुळबुळीत. त्यानं हुंगलं. गुरांच्या कातड्याचा सरस! बाप तीन दगडांवर शिजवायचा तोच. फेविकॉलच्या काळात तो विसरूनच गेला होता. सरस पाण्यात विरघळतो हे एकोडीतल्या पोरालाही ठाऊक, आणि त्यानं दोन दिवस पाणी पाजलं! 

त्यानं सांध्याच्या भोकात डोकावलं. आत पेन्सिलीच्या दोन रेघा. दुसऱ्या भोकात तीन. पायाच्या खुंटीवरही तीन. साता समुद्रापलीकडच्या कोण्या मिस्त्रीनं जोड्या लावून ठेवल्या होत्या, बाप छिन्नीनं चाकाच्या आऱ्यांवर लावायचा तशाच.

"केवळराम!"

बाई दारात उभ्या होत्या. बसनं आल्या होत्या, न सांगता.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळे तुकडे पाहिले.

"कोणी केलं?"

"मीच जी. पानी मारलं. सरस हाये हे मले नाई समजलं."

"खोटं बोलला असतास तर पट्टी शोधली असती." त्या तुकड्यांपाशी खाली बसल्या. "जुळेल का?"

"नाई मालूम जी. खुना हायेत. पन लाकूड ओलं हाये. उन्हात ठेवलं तं तडकते. सावलीत रविवारपर्यंत सुकलं तं सरस लावीन. नाई सुकलं तं..."

"तर फोटो चटईवर बसेल. पण खिळा मारशील तर याद राख."

बाई एका तुकड्यावरून बोट फिरवून पाच वाजताच्या बसनं गेल्या. शोभानं सासऱ्याच्या पेटीतून वाळलेल्या सरसाची लादी शोधून काढली. चहाच्या गाळासारखी काळी पडलेली.

"हे चालते का जी?"

"परवा शिजवून पाहू."

केवळरामनं तुकडे कोरड्या फडक्यानं पुसले आणि खाटेखाली, वारा लागणार नाही असे, रेघा वर करून ओळीनं मांडले. मग अर्धवट राहिलेल्या प्लायच्या कपाटाकडं वळला. एक बिजागरी बसवली की वाकून खाटेखाली पाहायचा, तडा तर नाही गेला? दुसरी बसवली, पुन्हा वाकला.